अंधाराचं क्षेत्रफळ

'एलियन' या चित्रपटाच्या शेवटाकडे एक जागा अशी आहे, जिथे तो परग्रहावरचा प्राणी लपलेला नसतोच. मोठं अवकाशजहाज उडवून झालंय, बाकीचे सगळे मेलेत, नायिका रिप्ली आणि मांजर एका छोट्या यानातून निसटलेत. ती खटके दाबत, दिवे तपासत यानात फिरते आहे. मागच्या भिंतीवर पाइप, नळ्या, वायरींची जुडगी, आणि त्यांच्यातच एक लांबट, काळा, चकचकीत उंचवटा. तो उंचवटा म्हणजे त्याचं डोकं. अंग मुडपून, पाइपांत पाइप होऊन तो आपल्या डोळ्यांदेखत पडून आहे. मग त्याचा हात एकदम बाहेर येतो, आणि तेव्हा कुठे आपल्याला कळतं की इतका वेळ आपण त्याच्याचकडे बघत होतो. (चित्रपट १९७९चा आहे. शेवट सांगितला म्हणून रागावायची मुदत कधीच उलटून गेली.)

घरच्या पडद्यावर हा प्रसंग मला पाठ आहे. उंचवटा कुठे आहे ते झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. पण ७० एमएमच्या, म्हणजे ७० मिलिमीटर रुंद फिल्मच्या खेळाला, भल्यामोठ्या पडद्यासमोर बसले, तेव्हा तो पटकन सापडेना. जागा ठाऊक होती, पण तिथवर नजरेला चालत जावं लागलं. वाटेत दुसरे पाइप लागले, दुसरे उंचवटे लागले, एक सावली हलल्यासारखी वाटली आणि मी तिथेच थबकले. हात बाहेर आला तेव्हा मी भलतीकडेच बघत होते.

जुन्या विज्ञान-भयपटांचे असे मोठ्या पडद्यावरचे खेळ आता बऱ्याच ठिकाणी लागतात आणि दर्दी मंडळी त्यासाठी दुसऱ्या गावी, प्रसंगी दुसऱ्या देशातही जातात. जर्मनीत कार्ल्सरूहचं शाउबुर्ग, शिकागोचं म्युझिक बॉक्स, लंडनचं प्रिन्स चार्ल्स या नावांचा उच्चार ही मंडळी देवस्थानांसारखा करतात. जाहिराती मात्र सगळीकडे एकाच साच्यातल्या. राक्षस भव्य, स्फोट भव्य, सगळंच भव्य. माझ्या मते या चित्रपटांच्या बाबतीत राक्षस मोठा दिसतो ही सगळ्यात बिनमहत्त्वाची गोष्ट आहे. तो जितका मोठा, तितकं त्याचं रबरही मोठं. खरा फरक पडतो तो त्याच्या आजूबाजूच्या रिकाम्या जागेत. अंधार मोठा होतो, आणि या चित्रपटांत कामाची गोष्ट अंधारातच असते.

माणसाच्या डोळ्याला लख्ख दिसतं ते नजरेच्या ऐन मधोमध, जेमतेम दोन अंशांत. हात ताणून अंगठा समोर धरला तर साधारण त्या अंगठ्याच्या रुंदीइतकं. बाकीचं सगळं धूसर. फक्त कडेला काही हललं तर लगेच जाणवतं. घरातल्या टीव्हीवर ही मर्यादा आड येत नाही, कारण दोनचार उड्यांत नजर अख्खी चौकट झाडून काढते. कोपऱ्यात काही असलं तर दिसतंच. पण पडदा जर डाव्या खांद्यापासून उजव्या खांद्यापर्यंत पसरलेला असेल, तर एकीकडे बघायचं म्हणजे दुसरीकडे पाठ फिरवायची. यानाच्या बोळातून जाणाऱ्या पात्राची जी अडचण, तीच आपली. त्याला मागे वळून बघायचं असतं आणि पुढचंही सोडवत नसतं.

म्हणून जागेची निवड महत्त्वाची. शहाणे लोक मागच्या रांगेत मधोमध बसतात, तिथून चित्र नीट दिसतं. भयपटाला नीट दिसून उपयोग नाही. मी पुढच्या एकतृतीयांश रांगांत बसते, मान थोडी वर करावी लागेल अशी. दोन्ही कडा एकाच वेळी डोळ्यांत मावत नाहीत, इतपत जवळ.

'एलियन'मध्येच ब्रेट नावाचा तंत्रज्ञ मांजर शोधायला एकटा जातो तो प्रसंग घ्या. उंच दालन, वरून लोंबणाऱ्या साखळ्या, कुठून तरी ठिबकणारं पाणी. तो मांजराला हाका मारतो. टोपी काढतो, तोंड वर करून ते पाणी चेहऱ्यावर घेतो. साखळ्या एकमेकींवर आपटतात. काहीही घडत नाही, आणि न घडणं दिग्दर्शक रिडली स्कॉट इतकं ताणतो की छोट्या पडद्यावर हात आपसूक मोबाइलकडे जातो. मोठ्या पडद्यावर साखळीन्‌साखळी संशयित होते. वर बघावं की ब्रेटकडे? पाण्याचा थेंब एका कोपऱ्यात चमकतो आणि मान तिकडे जाते. अख्ख्या सभागृहातल्या माना वेगवेगळ्या दिशांना वळलेल्या असतात. एकदा मुद्दाम शेजारी बघून घेतलंय. घडायचं ते घडतं तेव्हा प्रेक्षागृहाच्या वेगवेगळ्या भागांतून वेगवेगळ्या क्षणी किंचाळी येते, कारण ज्याला जेव्हा दिसलं तेव्हा तो ओरडला.

तंत्राचं थोडं सांगायला हवं, कारण 'मोठा पडदा' या नावाखाली बरंच काही खपवलं जातं.

७० एमएमची चौकट साध्या ३५ एमएमच्या रुंद चौकटीच्या क्षेत्रफळाने जवळपास तिप्पट असते. प्रकाशाला जायला मोठी खिडकी मिळते, चित्र कमी फुगवावं लागतं, त्यामुळे ते उजळ आणि स्थिर दिसतं. 'एलियन'ची अशी प्रत उलगडून अंथरली तर सुमारे ४ किलोमीटर भरेल. आयमॅक्सची पट्टीही ७० एमएमचीच, पण ती आडवी धावते; एका चौकटीला ५ ऐवजी १५ छिद्रं, वेग सेकंदाला १.७ मीटर. त्या वेगात इतकी रुंद पट्टी दातेरी चाकांनी ओढत बसलं तर ती फाटेल, म्हणून तिची एक लाट करून पुढे सरकवतात आणि चौकट भिंगापुढे आली की हवा खेचून क्षणभर घट्ट धरतात. ही युक्ती रॉन जोन्स या ऑस्ट्रेलियन माणसाची. प्रोजेक्शनच्या खोलीजवळ बसायची वेळ आली तर त्या यंत्राची घरघर ऐकू येते; काहींना तिचा त्रास होतो, मला होत नाही.

मात्र 'एलियन' किंवा 'द थिंग' ७० एमएमवर चित्रित झालेलेच नाहीत. दोन्ही ३५ एमएमचे. त्या काळी बड्या शहरांतल्या बड्या थिएटरांसाठी ते फुगवून ७० एमएमच्या प्रती काढत. फुगवल्याने नवा तपशील येत नाही. मूळ चित्रात नव्हतं ते कुठून येणार? खरा आटापिटा असायचा आवाजासाठी. ७० एमएमच्या पट्टीवर चुंबकीय लेपाच्या रेघा असत आणि त्यांवर आवाजाच्या ६ वाटा मावत. १९७७च्या अवकाशपटांनी यश मिळवल्यावर त्यांतल्या दोन वाटा बहुधा फक्त खोल, जाड आवाजासाठी राखून ठेवण्याची पद्धत पडली. असा आवाज कानाने कमी आणि बरगड्यांनी जास्त ऐकायचा असतो. विज्ञान-भयपटांना तो लाभला यात नवल नाही. जहाजाच्या इंजिनाची घूं घूं चालू असते तोवर तिच्याकडे लक्षच जात नाही, आणि ती थांबली की पोटात गोळा येतो.

मोठ्या पट्टीवर खरोखर चित्रित झालेला, आणि तेही कथेची गरज म्हणून, असा एक चित्रपट आहे: डग्लस ट्रम्बलचा १९८३चा 'ब्रेनस्टॉर्म'. दुसऱ्याच्या मेंदूतला अनुभव ध्वनिमुद्रणासारखा साठवून आपल्या डोक्यात वाजवता येईल, असं यंत्र त्यात आहे. नेहमीच्या जगातले प्रसंग लहान, अरुंद चौकटीत. यंत्र सुरू झालं की चौकट रुंदावते आणि चित्र ६५ एमएमचं होतं (चित्रीकरणाची पट्टी ६५ एमएमची, तिच्यावरून दाखवायला काढतात ती प्रत ७० एमएमची). मरणाऱ्या माणसाचा अनुभव कुणी वाजवून पाहिला तर काय, हा त्यातला गाभ्याचा प्रश्न. घरच्या टीव्हीवर उलटंच होतं. रुंद चित्र बसवण्यासाठी ते वरून-खालून चिरडलं जातं आणि स्वर्ग, नरक जे काय असेल ते दैनंदिन आयुष्यापेक्षा लहान दिसतं! चित्रपट फारसा थोर नाही, उत्तरार्धात भरकटतो. तरी मोठ्या पडद्यावाचून ज्याचा अर्थच लागत नाही, असा तो एकच मला ठाऊक आहे.

आता 'द थिंग'कडे येते, कारण या सगळ्या प्रकरणातली गंमत तिथे आहे.

जॉन कार्पेंटरचा हा चित्रपट २५ जून १९८२ला अमेरिकेत लागला. त्याच दिवशी 'ब्लेड रनर'ही लागला. दोन आठवडे आधी, ११ जूनला, 'ई. टी.' आला होता आणि परग्रहावरून आलेल्या प्राण्याला मिठी मारून रडायला लोक रांगा लावत होते. त्या हवेत कार्पेंटरने असा प्राणी आणला जो ज्याला गिळतो त्याचंच हुबेहूब रूप घेतो. लोकांनी पाठ फिरवली, समीक्षकांनी नाकं मुरडली. एन्निओ मोरिकोनेचं संगीत वर्षातलं सर्वांत वाईट म्हणून राझी पुरस्कारासाठी नामांकित झालं. मग चित्रपट व्हिडिओ कॅसेटवर गेला आणि तिथे हळूहळू त्याचा पंथ जमला. म्हणजे हे प्रेम जुळलं ते चौकोनी टीव्हीवर, चिखलासारख्या रंगांत, चित्राचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग डावी-उजवीकडून कापलेला असताना. ज्या पिढीने हा चित्रपट वाचवला तिने तो पुरता पाहिलेलाच नव्हता.

आणि कापला गेला तो भाग फुकाचा नव्हता. छायाचित्रकार डीन कंडी रुंद चौकटीत माणसं अशी उभी करतो की कुणावर नजर ठेवावी ते ठरू नये. सुरुवातीला कुत्रा अंटार्क्टिकातल्या तळावर मोकळा फिरतो. रिकाम्या बोळातून जातो, एका दाराशी थांबतो, आत जातो. आतल्या भिंतीवर कुणाच्या तरी डोक्याची सावली वळते. कुणाची ते चित्रपट शेवटपर्यंत सांगत नाही. रक्त तपासायच्या प्रसंगात तर माणसं रांगेने बांधून बसवलेली असतात आणि तापलेली तार एकेकाच्या रक्तात बुडते. सगळे चेहरे एकाच वेळी समोर असण्यातच त्या प्रसंगाचा जीव आहे. एका चेहऱ्यावर नजर स्थिरावली की बाकीचे सुटतात, आणि कोण कधी बदलेल याचा नेम नाही.

मोरिकोनेच्या त्या संगीताचं पुढे काय झालं, हेही इथेच सांगते. त्याने लिहिलेल्यातलं बरंच कार्पेंटरने वापरलं नव्हतं. त्यातला काही भाग २०१५ साली 'द हेटफुल एट'मध्ये आला: तोही बर्फात कोंडलेल्या, एकमेकांवर संशय घेणाऱ्या माणसांचा, त्यातही 'द थिंग'चा नायक कर्ट रसेलच, आणि तो चित्रित झाला होता ६५ एमएमच्या अतिरुंद पट्टीवर. मोरिकोनेला त्या चित्रपटासाठी ऑस्कर मिळालं. शिवाय तो ७० एमएमवर दाखवता यावा म्हणून सुमारे शंभर थिएटरांसाठी जुनी प्रोजेक्टर शोधून, दुरुस्त करून पुन्हा उभी केली गेली. आज जुन्या भयपटांचे ७० एमएमचे खेळ लागतात त्याला हे एक सरळ कारण आहे. यंत्रं जागेवर होती, त्यांना चालवायला काहीतरी हवं होतं.

प्रती मात्र म्हाताऱ्या झाल्या आहेत आणि त्यांचं म्हातारपण भयपटात शोभेल असंच आहे.

सत्तरच्या दशकातल्या रंगीत प्रतींमधला निळसर-हिरवा रंगथर सगळ्यात आधी उडतो. मागे उरतं ते गुलाबी, लालसर चित्र. अशी प्रत पडद्यावर पडली की आकाश, भिंती, चेहरे, रक्त सगळं एकाच गोत्रातलं दिसतं. पण मला सगळ्यात खुपतं ते काळ्याचं होणं. काळा रंग तिन्ही थर मिळून होतो. एक गेला की काळा उरत नाही, तपकिरी-तांबडा होतो. अंधाराच्या जोरावर उभा असलेला चित्रपट आणि त्याच्यातला अंधारच आधी जातो.

दुसरा रोग आंबूस वासाचा. पट्टीचा पाया ॲसिटेटचा असला तर कालांतराने तो कुजायला लागतो आणि डबा उघडला की व्हिनेगरचा भपकारा येतो. पट्टी आक्रसते, वाकडी होते, यंत्रात चालेनाशी होते. हा रोग संसर्गजन्य म्हणावा असाच आहे: एका रिळातून निघालेली आम्लाची वाफ शेजारच्या रिळालाही लवकर कुजवते, म्हणून चित्रपट जतन करणारे लोक बाधित रिळं वेगळी काढून ठेवतात. कोण बाधित झालंय हे नुसतं पाहून कळत नाही तोवर डब्यांत कागदाच्या छोट्या पट्ट्या ठेवतात. आम्ल असेल तर त्या निळ्याच्या हिरव्या आणि मग पिवळ्या होतात. थंड खोली, एकसारखे दिसणारे डबे, आणि एकेकाची रासायनिक चाचणी! कार्पेंटरला हे कुणी सांगितलं असेल की नाही कोण जाणे. त्यात भर म्हणजे ज्या चुंबकीय लेपासाठी ७० एमएमच्या जुन्या प्रतींचं एवढं कौतुक, त्यातलं लोहच ही कुजण्याची क्रिया आणखी वेगाने घडवतं. प्रतीचा आवाजच प्रतीला खातो.

म्हणून 'अस्सल जुनी ७० एमएम प्रत' असं फलकावर लिहिलेलं वाचून मी हुरळून जात नाही. प्रत कुठली, कोणत्या साली काढलेली, किती उडालेली, हे आधी पाहावं. नीट काढलेली नवी प्रत किंवा मूळ निगेटिव्हवरून केलेली चांगली डिजिटल आवृत्ती मरणपंथाला लागलेल्या गुलाबी प्रतीपेक्षा कितीतरी पटींनी बरी. अर्थात डिजिटलचीही एक खोड आहे. कुणीतरी उत्साहाने चित्रातले फिल्मचे सगळे बारीक कण पुसून काढतं आणि माणसांचे चेहरे मेणाचे होतात. हलत्या कणांमुळे जुन्या चित्रपटांतला काळोख कधी निश्चल नसतो, तो सतत सळसळत असतो. ते पुसले की तिथे नुसतं काळं क्षेत्र उरतं, आणि नुसत्या काळ्याला कोण भिणार? साधा डिजिटल प्रोजेक्टर असेल तर तेही नाही. काळ्याच्या जागी राखाडी.

फसवणुकीचे प्रकार आणखीही आहेत. उंच आयमॅक्स पडद्याची रुंदी उंचीच्या १.४३ पट, 'द थिंग'सारख्या चित्रपटाची २.३५ पट. म्हणजे सहा मजली पडद्याचं तिकीट काढून पडद्याची साठ टक्के उंचीच वापरली जाते, वर-खाली काळे पट्टे. तेही चालेल, चित्र तरी अख्खं असतं. याहून वाईट म्हणजे पडदा भरायच्या हौसेपायी चित्र कापणं. २०२२ साली 'द थिंग'ला ४० वर्षं झाली म्हणून अमेरिकेत देशभर खेळ लागले, तेव्हा पहिल्या दिवशी चित्र चुकीच्या प्रमाणात, कडा छाटून दाखवलं गेलं. प्रेक्षकांनी आरडाओरडा केल्यावर पुढच्या खेळाला ते दुरुस्त झालं. व्हिडिओ कॅसेटने जे चाळीस वर्षांपूर्वी केलं तेच थिएटरने केलं, आणि या खेपेला लोकांना ते लगेच कळलं. ही प्रगतीच म्हणायची.

राहिलं रबर.

ते दिसतं. लपवण्यात अर्थ नाही. 'एलियन'मध्ये यंत्रमानवाचं तुटलेलं डोकं टेबलावर ठेवलेलं असतं. आधी खोटं डोकं, मग एका कटमध्ये नटाचं खरं डोकं, टेबलाच्या भोकातून वर काढलेलं. मोठ्या पडद्यावर तो कट इतका ढळढळीत दिसतो की प्रेक्षागृह हमखास हसतं. अंड्यातला प्राणी कसायाच्या दुकानातल्या आतड्या-कोथळ्यांचा आणि शिंपल्यांतल्या मांसाचा आहे, आणि तो तसाच दिसतो. खरं तर म्हणूनच किळस येते. ओल्या मांसावर प्रकाश जसा पडतो तसा तो पडलेला असतो; तिथे खोटं काही नाही.

या चित्रपटाचा भव्यपणाच मुळात हातचलाखी होती, हे मला फार आवडतं. जुन्या परक्या जहाजात तो प्रचंड मेलेला चालक सापडतो, तिथे सेट आणखी मोठा भासावा म्हणून स्कॉटने स्वतःच्या मुलांना छोटे अवकाशपोशाख घालून नटांच्या जागी उभं केलं. म्हणजे लहान मुलांच्या शेजारी उभं करून मोठं केलेलं दृश्य आपण ७० एमएमवर आणखी मोठं करून बघतो आणि त्यातल्या त्या विराटपणाने दबून जातो. चालताना त्या आकृत्या किंचित डुगडुगतात. लक्ष ठेवून पाहिलं तर कळतं.

'द थिंग'मधल्या करामती रॉब बॉटिनच्या. काम सुरू झालं तेव्हा तो जेमतेम बावीस वर्षांचा होता. वर्षभर सुट्टी न घेता राबला आणि शेवटी थकव्याने इस्पितळात गेला. डॉक्टर रोग्याच्या छातीवर विजेचे झटके देतो, छाती जबड्यासारखी उघडते आणि डॉक्टरचे दोन्ही हात तोडून घेते, तो प्रसंग सगळ्यांना ठाऊक आहे. त्यासाठी दोन्ही हात नसलेला एक माणूस आणला, त्याला खोटे हात लावले, डॉक्टरच्या चेहऱ्याचा मुखवटा चढवला. मोठ्या पडद्यावर मी मुद्दाम तो मुखवटा शोधायचा प्रयत्न केला. क्षणभर दिसतो. पण तोवर मान टेबलापासून सुटलेली असते, जीभ फेकून खुर्चीला वेटोळं घातलेलं असतं, डोक्याला कोळ्यासारखे पाय फुटलेले असतात, आणि मुखवट्याचा विचार करायला कुणाला फुरसत? मग ते डोकं तुरुतुरु दाराकडे निघतं आणि ते पाहून एक पात्र जे उद्गारतं ते इथे छापण्यासारखं नाही. त्यावर जो हशा पिकतो तो एकट्याने घरी बघताना कधीच मिळत नाही. भीतीने आवळलेल्या दोन-तीनशे लोकांनी एकदम सोडलेला श्वास असतो तो.

हशाबद्दल मतभेद आहेत. काही जण प्रत्येक वाक्य पात्राच्या आधी मोठ्याने म्हणतात, आपल्याला किती पाठ आहे ते दाखवायला. त्यांना माझ्यापासून चार हात लांब बसवावं. पण न हसण्याची, देवघरात बसल्यासारखं बसण्याची शिस्तही मला मानवत नाही. अशा खेळाला माझी नजर असते ती पहिल्यांदाच आलेल्या प्रेक्षकावर. तो कुठे बसलाय हे अंधारातही कळतं, कारण बाकी सगळे प्रसंगाच्या अर्धा सेकंद आधी श्वास रोखतात आणि तो एकटा अर्धा सेकंद नंतर उडतो. जुन्यांची भीती ही आता वाट पाहण्याची भीती आहे. त्याची अजून कोरी आहे. तो दचकला की आजूबाजूचे समाधानाने हसतात. यात थोडी दुष्टबुद्धी आहे हे कबूल.

जुन्या पद्धतीने दोन प्रोजेक्टरांवर खेळ चालला की दर वीसेक मिनिटांनी पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक गोल ठिपका उमटतो आणि जातो. रीळ संपत आलं, दुसरं यंत्र सुरू कर, असा प्रोजेक्शनिस्टसाठी इशारा. पुन्हा काही सेकंदांनी दुसरा ठिपका आणि चित्र या यंत्रावरून त्या यंत्रावर. डिजिटलला हे काही नसतं. भयपटात तो ठिपका मला दर वेळी चकवतो. मी कडा धुंडाळत असते, आणि कडेला खरोखरच काहीतरी चमकून जातं.

या सगळ्या माझ्या बडबडीला खोटं पाडणारं एक उदाहरण मात्र आहे. दक्षिण ध्रुवावरच्या अमुंडसेन-स्कॉट तळावर हिवाळा काढणारे लोक शेवटचं विमान निघून गेलं की एकत्र बसून 'द थिंग' बघतात, अशी तिथली रीत आहे. ७० एमएम नाही, सहा वाटांचा आवाज नाही. पुढ्यात महिनोन्‌महिने न संपणारी रात्र, आणि शेजारी बसलेल्या माणसाखेरीज पुढचे कित्येक महिने दुसरं कुणी भेटणार नाही. त्यांना मोठ्या पडद्याची काय गरज? पडद्याच्या कडेला जे असायला हवं ते त्यांच्या खिडकीबाहेर आहे. आपल्याला ते तिकीट काढून, यंत्रं दुरुस्त करून, प्रती थंड खोल्यांत सांभाळून उभं करावं लागतं.

आणि मग 'द थिंग'चा तो शेवट. तळ जळतोय, शेवटी उरलेले दोघे, मॅक्रेडी आणि चाइल्ड्स, समोरासमोर बसलेत, दोघांतला एक माणूस नसण्याची शक्यता आहे. कॅसेटच्या काळापासून लोक सांगत आले की मॅक्रेडीच्या तोंडातून वाफ निघते, चाइल्ड्सच्या निघत नाही, म्हणजे तोच तो. चांगल्या प्रतीवर, मोठ्या पडद्यावर चाइल्ड्सची वाफ दिसते. विरळ आहे, प्रकाश त्याच्यावर वेगळ्या बाजूने पडतो, पण आहे. मला वाटलं होतं इथे वाद मिटेल. खेळ सुटल्यावर बाहेर दोन मुली हमरीतुमरीवर आल्या होत्या. एक म्हणत होती, वाफ आहे, मी डोळ्यांनी पाहिली. दुसरी म्हणाली, असेल ना. त्याने माणसाची हुबेहूब नक्कल केली तर श्वासाची करणार नाही होय?